पूर्ण समाधानी

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. फोन केला की तुम्ही आवाज चढवता आणि मामी मधेच फोन काढून घेते, त्यापेक्षा पत्र बरं.

तुम्ही विचारलंत, कारखान्याच्या सांडपाण्याच्या प्लांटवर मॅनेजर होऊन दोन वर्षं झाली, कसं काय चाललंय. काय सांगू? मी जंतूंची आया झालेय. तुमच्या वेळी रंगखात्यातलं पाणी सरळ मागच्या ओढ्यात जायचं. आता ते आधी माझ्या दोन टाक्यांत येतं. टाक्यांत खालून हवा सोडलेली असते, आणि पाण्यातले जंतू रंग, साबण, जे काय असेल ते खातात. रविवारी कारखाना बंद, म्हणजे त्यांना उपास. मग मी जाते आणि दोन बादल्या उसाची मळी त्यांना खायला ओतून येते. ओल्या मातीसारखा वास आला की समजायचं, मंडळी खुशाल आहेत. वास जरा बदलला की माझं जेवणात लक्ष लागत नाही. आई म्हणते, तुझ्या केसांना वास येतो, लांब बस.

बाकी ऑफिसात मला चहाला कोणी विचारत नाही. टाक्यांना झेपेनासं दिसलं की रंगखात्याकडून येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह मी बंद करते, मग तिकडची मशिनं थांबतात आणि सगळे माझ्या नावाने खडे फोडतात. मागच्या महिन्यात काळ्या कापडाची मोठी ऑर्डर आली होती. काळा रंग ह्या जंतूंना सोसत नाही. मी सांगितलं, आधी तिसरी टाकी बांधा, मग घ्या. तेव्हापासून विक्रीखातं मला बघून नाक मुरडतं. नशीब एवढंच, की ओढा नितळ झाल्यापासून कंपनीचं नाव एका मासिकाच्या ‘स्वच्छ कंपन्यां’च्या यादीत आलंय, त्यामुळे तोंडावर कोणी काही बोलत नाही.

परवा मुख्य ऑफिसातून प्रश्नावली आली. ‘आपण आपल्या कामात किती समाधानी आहात?’ मी लिहिलं, जंतूंना विचारून कळवते. ती परत आली, नीट भरा म्हणून.

तर असं आहे. कपडे खराब, केस खराब, रविवार खराब. ह्याला मॅनेजरकी म्हणायची का, तुम्हीच सांगा.

तुमची भाची


१३ फेब्रुवारी

भाचीबाई,

तुझं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. मामीला वाचून दाखवलं तर ती हसायला लागली. म्हटलं, पोरगी रडकुंडीला आलीये आणि तू हसतेस? तर म्हणे, ‘रडतेय कुठली, मिरवतेय ती.’ तिला कारखान्यातलं काय कळतं! ती फाटकाच्या आत कधी आलेली नाही. मी रंगखात्यात मॅनेजर म्हणून उभं आयुष्य काढलं. वाफ काय असते आणि वास काय असतो, ते मला विचार.

तुझं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त. तू बादल्या वाहायच्या, तेही रविवारी, आणि वर लोकांचे टोमणे खायचे, हे मला पटत नाही. मॅनेजरने टेबलामागे बसावं. आत्ताचे मोठे साहेब नवे नवे लागले तेव्हा माझ्या हाताखाली शिकले, तुला माहीत आहे. पहिल्या दिवशी निळ्या रंगात हात घालून बसले होते. मीच साबण दिला. आजही वर्षातून एकदा आपण होऊन फोन करतात. आमच्या वेळच्या माणसांतल्या दुसऱ्या कोणाला करत नाहीत.

असो. तू त्रास करून घेऊ नकोस. बघू या, काही होतं का. ताईला म्हणावं, भाचीच्या केसांना नावं ठेवू नकोस.

तुझा मामा


२० मार्च

मामा,

नमस्कार. एक बातमी आहे. आनंदाची आहे असं सगळे म्हणतायत, तेव्हा तशीच असणार. मला बढती मिळाली.

मोठ्या साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, ‘तुम्ही फार सोसलंत. आता वर या.’ मी काय सोसलं ते मला आठवेना, पण साहेबांना असं उलट विचारणार कसं? आता रस्त्यापलीकडच्या मुख्य इमारतीत मला स्वतंत्र खोली आहे. गालिचा आहे, थंड हवा आहे, आणि दारावर ‘प्रतिष्ठा विभाग प्रमुख’ अशी पाटी आहे. ती वाचून पोस्टमन हसला आणि मग सॉरी म्हणाला.

काम असं आहे. कोणी अभ्यासकांनी म्हणे दाखवून दिलंय, की ज्या कंपन्या हवा-पाणी सांभाळतात त्यांचे मॅनेजर नोकरीत समाधानी असतात आणि त्या कंपन्यांचं बाहेर नावही चांगलं असतं. म्हणून त्या मासिकाने ह्या वर्षीपासून मॅनेजरांच्या समाधानालाही गुण ठेवलेत. आमच्या साहेबांनी ही गोष्ट उलट्या टोकाने धरली. मॅनेजर समाधानी दिसले की कंपनी आपोआप स्वच्छ दिसेल! तर मॅनेजरांना समाधानी दिसायला लावणं, हे माझं काम. अवघड मुळीच नाही. प्रश्नावली हातात दिली की सगळे ‘पूर्ण समाधानी’वर खूण करतात आणि मग जिन्यात गाठून मला गाऱ्हाणी सांगतात.

माझ्या जागी माझा असिस्टंट बसलाय. आम्ही त्याला होयबा म्हणतो, कारण त्याच्या तोंडून ‘नाही’ कोणी ऐकलेलं नाही. माणूस कष्टाळू आहे. त्याला मळीचं माप दाखवलं, वास ओळखायला शिकवला, व्हॉल्व्ह कधी बंद करायचा ते तीन-तीनदा सांगितलं. दर वेळी ‘हो बाई’ म्हणाला. पहिल्याच आठवड्यात त्याची प्रश्नावली आली. पूर्ण समाधानी.

माझ्या खिडकीतून बाग दिसते, टाक्या दिसत नाहीत. आई म्हणते, आता जवळ बस.

तुमची भाची

ता. क. मी खूश आहे का, ते विचारू नका. माझी प्रश्नावली अजून भरायची आहे.


२८ मार्च

भाचीबाई,

शाब्बास! अंगावर मूठभर मांस चढलं बघ. आमची निवृत्त मंडळी सकाळी बागेत बसतात, त्यांना बातमी सांगितली. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपल्या जावयावरून फार भाव खायचे, ते झाडांकडे बघत बसले.

तुझ्या पत्रातला सूर मला कळला नाही, पण असं होतं. वरची हवा अंगी लागायला वेळ लागतो. खालच्या कटकटी आता खालच्यांनी बघाव्यात. पाटीचा फोटो काढून पाठव. दारासकट काढ, नुसत्या पाटीचा नको.

तुझा मामा

पोरी, हे पाकीट मी बंद करतेय, तेवढ्यात माझ्या दोन ओळी. तुझे मामा सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगते. ह्यांनी साहेबांना फोन केला होता, ‘भाचीला तिथून काढा, तिचे फार हाल आहेत’ म्हणून. केलं ते मायेपोटीच. पण तुला हे हवं होतं का गं? मला तरी तसं वाटत नव्हतं. – मामी


१९ जून

मामा,

इतके दिवस पत्र लिहिलं नाही कारण मला राग आला होता. राग उतरला की लिहीन म्हटलं, पण तो उतरायचं नाव घेईना. तेव्हा रागातच लिहिते.

तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात आणि मला विचारलंही नाहीत. मामा, मी गाऱ्हाणं करत नव्हते. आपल्या घरात ‘मला हे आवडतं’ असं सरळ कोण म्हणतं? आई शिलाई मशीनला दिवसभर शिव्या घालते आणि दुसऱ्या कोणाला त्याला हात लावू देत नाही. तुम्ही रंगखात्याला सारखी नावं ठेवायचात, ती वाफ, तो वास, ते रंगलेले हात. लहानपणी ते ऐकत मी तुमच्या पायाशी बसायचे आणि वाटायचं, ह्या माणसाचा त्या कारखान्यावर किती जीव आहे. ते ऐकूनच मी इथे आले. मग मी माझ्या टाक्यांना नावं ठेवली तर तुम्हाला कसं कळलं नाही?

आता झालं काय ते ऐका. एप्रिलमध्ये त्यांनी काळ्या कापडाची ऑर्डर घेतली. तिसरी टाकी कागदावरच राहिली. रंगखात्यातून फोन आला, पाणी सोडू का? होयबा म्हणाला, हो. पुन्हा विचारलं, अजून सोडू? पुन्हा हो. व्हॉल्व्ह त्याच्या हाताशी होता, पण तो बंद करण्याइतकी छाती त्याच्यात नव्हती. माझ्यात होती ती माझ्या खुर्चीमुळे होती असं मला वाटायचं. पण खुर्ची तीच आहे.

मला कळलं तेव्हा मी धावत गेले. टाक्या शाईसारख्या झाल्या होत्या. सडक्या अंड्यांचा वास सुटला होता आणि पुलाखालून ओढा काळाकुट्ट वाहत होता. जंतू सगळे मेले. होयबा कठडा धरून उभा होता. ‘बाई, मी काय करणार होतो?’ म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. त्याच आठवड्यात त्याची प्रश्नावली माझ्या टेबलावर आली. पूर्ण समाधानी. मी ती इतरांच्या प्रश्नावल्यांबरोबर पुढे पाठवली. आणि यादीत आमचा नंबर वर गेलाय!

साहेबांशी बोलले. ते म्हणाले, टाकीचं पुढच्या वर्षी बघू. आता काळ्या कापडाच्या गिऱ्हाइकाकडून दोन माणसं कारखाना बघायला येतायत. त्यांना मी फिरवायचं आहे. सांडपाण्याच्या प्लांटकडे न्यायचं नाही. स्वागतकक्षात काचेची टाकी मांडलीय, तिच्यात मासे सोडलेत, ती दाखवायची. ‘हेच आमचं शुद्ध केलेलं पाणी’ असं म्हणायचं. ते पाणी नळाचं आहे.

काय करावं ते मला कळत नाही. तुमच्यावर रागावलेय आणि तुम्हालाच विचारतेय.

भाची


२५ जून

भाचीबाई,

तुझा राग पोचला. विचारायला हवं होतं, कबूल.

पण सल्ला विचारतेस म्हणून सांगतो. मासे दाखव आणि मोकळी हो. पाहुण्यांनी काय बघितलं ह्याने ओढ्याचं पाणी बदलत नाही. आज ना उद्या साहेब टाकी बांधतील. नोकरी ही नोकरी असते. सुख घरी शोधावं, कारखान्यात नाही. एवढी खोली मिळाली आहे, ती घालवू नकोस. पुन्हा मिळत नाही.

मला ह्यापलीकडे सांगता येत नाही. तुझी मामी सध्या माझ्याशी बोलत नाही.

मामा


१४ जुलै

मामा,

नमस्कार. पाहुणे येऊन गेले.

एक उंच बाई होत्या आणि त्यांच्याबरोबर टिपणं घेणारे एक गृहस्थ. बाईंनी मासे बघितले, छान म्हणाल्या. मग सहज विचारलं, ‘हे तुमच्या प्लांटमधून आलेलं पाणी ना?’ तुमचं पत्र माझ्या डोक्यात होतं. मला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि ‘नाही, नळाचं’ असं बाहेर पडलं. एवढं बोलून झाल्यावर पुढचं लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी त्यांना टाक्यांवर नेलं.

बाईंनी नाकाला रुमाल लावला. मी सांगितलं, ‘ह्यातले जंतू मेलेत. आम्हाला झेपत नसताना तुमचा काळा रंग घेतला म्हणून मेले. नवे वाढवायला दोनेक महिने जातील.’ त्यांनी विचारलं, ‘इथले मॅनेजर कोण?’ होयबाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘मी.’ ते खरं नव्हतं, पण कोणी खोडून काढलं नाही.

ऑर्डर थांबली. मासिकाने यादीतून आमचं नाव काढलं. मॅनेजर सगळे पूर्ण समाधानी आणि ओढा काळा, हे कोणीतरी छापलं आणि लोक हसले. काळ्या रंगाची मशिनं बंद आहेत आणि त्यांवरची माणसं अर्ध्या पगारावर घरी बसलीत. काल त्यांच्यातला एक जण फाटकाशी थांबवून म्हणाला, ‘बाई, तुमचे जंतू जगतील. आमचं काय?’   मी काहीतरी मोठं चांगलं केलंय असं समजू नका. झोप लागत नाही.

पण एक सांगते. गावाबाहेरच्या दूध डेअरीच्या प्लांटमधून टँकरभर जिवंत जंतूंचा गाळ आणून आम्ही टाकीत सोडला. ऑफिस सुटलं की मी तिकडे जाते. आता रोज थोडं-थोडं पाणी देतोय, फिक्या रंगाचं. होयबा मदत करतो. परवा रंगखात्याचा फोन आला तेव्हा घाबरत घाबरत ‘आज नको’ म्हणाला, आणि मग माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही त्याने शिवी दिली होती. काल एका टाकीला ओल्या मातीचा वास आला. मी कठड्यावर बसून राहिले. इतकी खूश मी त्या खोलीत एक दिवसही नव्हते.

साहेबांनी मला दोन रस्ते दिलेत. गिऱ्हाइकाला लिहून द्यायचं की माझा गैरसमज झाला होता, टाक्या फक्त सफाईसाठी रिकाम्या करत होतो. मग खोली, पाटी, सगळं माझंच. नाहीतर खाली टाक्यांवर जायचं, होयबाच्या हाताखाली, असिस्टंट म्हणून, पगारही असिस्टंटचाच. महिनाअखेरीस सांगायचं आहे. मला काय हवंय ते तुम्हाला आता कळलंच असेल. पण साहेब तुम्हाला फोन करणार आहेत. म्हणाले, ‘मामांचं तुम्ही ऐकाल.’ खरं आहे ते, ऐकेन. बाबा गेल्यापासून तुमचा शब्द मी मोडलेला नाही. आईही म्हणते, मामा सांगेल तसं कर. तुम्ही ‘लिहून दे’ म्हणालात तर लिहून देईन आणि त्या गालिच्यावर म्हातारी होईन.

काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची भाची


२७ जुलै

भाचीबाई,

काल साहेबांचा फोन आला. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, ‘तुमच्या शब्दाखातर तिला वर घेतलं. आता तुमच्या शब्दाने तिला समजवा.’ आवाज गोड होता. मी म्हटलं, विचार करून सांगतो. तर म्हणाले, ‘त्यात विचार कसला? तिच्या भल्याचंच आहे.’

तू लिहिलंस, की आपल्याकडे नावं ठेवून कौतुक करतात आणि मीही रंगखात्याचं तसंच करायचो. तुझं ते पत्र मी महिनाभर खिशात घेऊन फिरतोय. पोरी, तसं नव्हतं. मी नावं ठेवायचो ती खरीखुरी होती. मला ते खातं कधी आवडलं नाही, पहिल्या दिवशीही नाही आणि शेवटच्या दिवशीही नाही. दर सोमवारी रंगाचे नमुने घेऊन मला मुख्य इमारतीत जावं लागायचं. गालिच्याला डाग पडेल म्हणून बूट दाराबाहेर काढायचो आणि मोज्यांवर उभा राहून साहेब लोकांशी बोलायचो. तिथे उभं राहून एकच वाटायचं, कधीतरी इथे बूट घालून बसायला मिळू दे. तेवढ्यासाठी सगळी वर्षं काढली. मागे ओढा कुठल्या रंगाचा वाहतोय इकडे माझं लक्षही नसायचं. ज्याला आपलं काम नकोसं झालंय तो कशाला बघेल?

ती खोली मला मिळाली नाही, म्हणून मी तुला मिळवून दिली. तुला दुसरं काही हवं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि तू ती परत करायला निघालीस तेव्हा मला राग आला. तुझा नाही. कोणाचा, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

साहेबांना म्हटलं, ‘ती लिहून देणार नाही. तिला खाली जाऊ द्या.’ ते म्हणाले, ‘लोक म्हणतील आम्ही शिक्षा केली. तिचं नाव जाईल, तुमचंही जाईल.’ म्हटलं, ‘जाऊ द्या.’  ते म्हणाले, ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ आणि त्यांनी फोन ठेवला. आता ते पुन्हा करणार नाहीत. त्याचं मला वाईट वाटतंय, हेही सांगून टाकतो.

तेव्हा लिहून देऊ नकोस. हा माझा शब्द समज. ताईला मी कळवतो.

आज सकाळी जिन्यात शेजारचे डॉक्टर भेटले. भाचीबाई काय म्हणतात मुख्य ऑफिसात, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, ती आता तिथे नसणार, खाली सांडपाण्यावर जातेय. ‘अरेरे,’ म्हणाले, ‘असं काय झालं?’ मी काहीतरी पुटपुटलो आणि वर निघालो. उत्तर सुचलं ते दोन पायऱ्या चढल्यावर. तिला तिचं काम आवडतं, एवढंच म्हणायचं होतं. पण ते वाक्य मी आजवर कोणाबद्दलच बोललेलो नाही, म्हणून तोंडात आलं नाही. तिथेच पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. मामी वरून बघत होती. ती खाली आली, शेजारी बसली आणि म्हणाली, ‘मग जा की, आत्ता जाऊन सांगा.’ मी उठलो, परत खाली गेलो आणि डॉक्टरांची बेल वाजवली.

तुझा मामा